पदनाम, मायना आणि हाक : चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशातील शासकीय संबोधनांची प्रस्तावना

शासनाच्या अधिकाऱ्याला काय म्हणून संबोधावे, त्याच्या पदाआधी कोणता मानदर्शक शब्द लिहावा आणि अर्जाच्या अखेरीस अर्जदाराने स्वतःचा उल्लेख कसा करावा, हे प्रश्न पत्रलेखनाच्या शालेय पुस्तकात दोन पानांत निकालात निघतात. परंतु चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत, जेथे घरची बोली गोंडी, माडिया, तेलुगू किंवा झाडीबोली आणि कचेरीची भाषा प्रमाण मराठी असते, जेथे सरपणापासून घराच्या आढ्यापर्यंत प्रत्येक गरजेच्या वाटेवर कोणता ना कोणता अधिकारी भेटतो, तेथे हेच प्रश्न माणसाचे म्हणणे ऐकून घेतले जाईल की नाही, याच्याशी जाऊन भिडतात. म्हणून येथे केवळ आदबशीर लेखनाचे नियम सांगून भागत नाही. या प्रदेशात सत्तास्थानांना कोणकोणती नावे मिळत गेली, त्या नावांनी हाक मारणारा आणि ती स्वीकारणारा यांच्यात किती अंतर राहिले, आणि ते अंतर कायद्याने व लोकांनी कोठे कमी केले, याचा विचार करावा लागतो.

विवेचनाच्या सोयीसाठी चार संज्ञा वेगळ्या ठेवणे आवश्यक आहे. पदनाम म्हणजे पदाचे नाव; जिल्हाधिकारी, तहसीलदार, वनपाल ही पदनामे असून त्या जागेवरचा माणूस बदलला तरी ती टिकून राहतात. पदवी म्हणजे एखाद्या व्यक्तीला किंवा घराण्याला बहाल झालेला मान. रावबहादूर किंवा राजे या पदव्या होत. मायना म्हणजे पत्राच्या आरंभी, समोरच्याच्या दर्जाप्रमाणे लिहावयाची मानदर्शक शब्दयोजना, आजच्या 'मा.' आणि 'महोदय' या शब्दांत तो शिल्लक आहे. संबोधन म्हणजे समोरासमोर मारलेली हाक. व्यवहारात या चारांची सरमिसळ होते आणि पदाचा मान व्यक्तीला, व्यक्तीचा मान घराण्याला आणि घराण्याचा मान पुन्हा पदाला चिकटतो. या विषयातील बहुतेक गोंधळ या सरमिसळीतूनच जन्माला आलेला आहे.

मराठी दफ्तरात मायन्याचे शास्त्र जुने आणि काटेकोर होते. कोणाला 'श्रीमंत' लिहावयाचे, कोणाला 'राजश्री', कोणाला 'वेदशास्त्रसंपन्न', कोणासाठी 'अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य' अशी लांबलचक माळ गुंफावयाची, हे कारकुनाला पाठ असावे लागे, कारण मायन्यात एक पायरी चुकली तर ती चूक लेखणीची न राहता दरबारची मानली जाई. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात हे शास्त्र चांद्यापर्यंत, म्हणजे आजच्या चंद्रपूरपर्यंत, आले. त्याआधी चांद्यावर गोंड राजांची सत्ता होती आणि बल्लाळशाहापासून नीलकंठशाहापर्यंत 'शाह' हा शब्द त्या राजांच्या नावाचाच भाग झालेला होता. १७५१ मध्ये रघूजी भोसल्यांनी चांदा आपल्या राज्याला जोडला. रघूजी हे 'सेनासाहेबसुभा' या किताबाने ओळखले जात आणि त्यांच्यामागे चांद्याचा कारभार ज्यांच्याकडे आला, त्या मुधोजींना 'सेनाधुरंधर' हा किताब मिळाला. किल्ल्याच्या कोटाबाहेरच्या रानात मात्र या किताबांचा फारसा अंमल नव्हता. तेथे गावचा गायता, भूमिया किंवा पेरमा हाच मानाचा माणूस होता, आणि त्याच्या मानाला कागदावर लिहिण्याची गरज नव्हती, कारण तो गावाच्या देवकार्यात आणि जमिनीच्या वाटपात रोज दिसत असे.

१८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि कंपनी सरकारच्या पदनामांचा थर या प्रदेशावर चढला. मध्य प्रांतात जिल्ह्याच्या प्रमुखाला कलेक्टर न म्हणता डेप्युटी कमिशनर म्हणत. १८५८ च्या इंग्रजांविरुद्धच्या उठावाच्या वेळी चांद्याचा डेप्युटी कमिशनर क्रिक्टन होता आणि त्याच वर्षीच्या २१ ऑक्टोबरला उठावाचे नेते, मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव शेडमाके यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. या उठावाच्या नोंदी वाचताना जाणवते, की राज्यकर्त्यांच्या कागदांत एकाच समाजातील दोन जमीनदारांचा उल्लेख त्यांच्या निष्ठेनुसार मानाने किंवा तुच्छतेने होतो. मान हा पदाला नसून आज्ञाधारकपणाला आहे, असा धडा त्या काळाने या प्रदेशाला दिला. महसुलाच्या बंदोबस्तात सपाटीवरच्या गावांना मालगुजार मिळाले. मालगुजार म्हणजे गावाचा सारा वसूल करून सरकारात भरण्याची जबाबदारी आणि त्यापोटी गावाची मालकी ज्याला मिळाली, तो. पूर्वेकडच्या जंगलात अहेरी, मुरूमगाव, खुटगाव, पोटेगाव अशा जमीनदाऱ्या राहिल्या. यांत अहेरीची जमीनदारी सर्वांत मोठी होती, आणि कायद्याच्या दृष्टीने ते संस्थान नसूनही तेथील घराण्याला लोकांनी 'राजे' आणि 'महाराज' म्हटले. १९७७ मध्ये चंद्रपूरमधून लोकसभेवर निवडून गेलेले विश्वेश्वरराव आत्राम हे लोकांच्या तोंडी अखेरपर्यंत 'विश्वेश्वरराव महाराज' राहिले. मतपत्रिकेवरचा उमेदवार आणि लोकांच्या तोंडचा महाराज हे एकाच माणसात नांदू शकतात, ही गोष्ट प्रजासत्ताकाच्या अभ्यासकाने नोंदवून ठेवावी अशी आहे.

इंग्रज सरकारने रावसाहेब, रावबहादूर, खानबहादूर या पदव्या वाटून मालगुजार, वकील आणि सावकार यांचा एक सन्मानित वर्ग तयार केला. असहकाराच्या चळवळीत पदव्या परत करण्याचे आवाहन झाले तेव्हा शेजारच्या वर्ध्यात जमनालाल बजाज यांनी आपली रायबहादूर ही पदवी सोडली. त्या एका कृतीने पदवी ही घेणाऱ्याच्या संमतीवर उभी असते, हे शेकडो भाषणांहून स्पष्ट केले. स्वातंत्र्यानंतर १९५० च्या कायद्याने मालगुजारी व जमीनदारीचे हक्क संपुष्टात आले आणि १९५१ पासून ती गावे शासनाकडे आली. मालगुजार हे नाव मात्र नाहीसे झाले नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील जुने सिंचन तलाव आजही शासनाच्या कागदांत 'माजी मालगुजारी तलाव' म्हणून नोंदले जातात आणि त्यांचे 'मामा तलाव' हे संक्षिप्त रूप पाटबंधाऱ्याच्या अंदाजपत्रकापासून मासेमारांच्या संस्थांपर्यंत सगळीकडे चालते.

राज्यघटनेच्या अठराव्या अनुच्छेदाने लष्करी व विद्याविषयक मान वगळता कोणतीही पदवी राज्याने देऊ नये, असा नियम घातला. १९९५ मध्ये बालाजी राघवन यांच्या याचिकेवर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने भारतरत्न आणि पद्म पुरस्कार या पदव्या नाहीत असे ठरवले, पण त्याबरोबरच हे पुरस्कार नावाच्या आधी किंवा नंतर लावता येणार नाहीत, असेही सांगितले. निमंत्रणपत्रिकांवर हा नियम सर्रास मोडला जातो आणि मोडणाऱ्यांना त्याची कल्पनाही नसते. राज्यकारभाराची भाषा मराठी करण्याच्या प्रयत्नात १९६२ साली 'पदनाम कोश' प्रसिद्ध झाला, १९६४ चा राजभाषा अधिनियम पुढच्या वर्षी अमलात आला, आणि जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी, गटविकास अधिकारी, वनसंरक्षक ही आज सहज वाटणारी नावे हळूहळू रुळली. चंद्रपूरकडच्या बोलण्यात यांतील काहीच नावे उतरली. येथे तलाठ्याला पटवारी, पोलीस ठाण्याच्या प्रमुखाला ठाणेदार म्हणतात. गटविकास अधिकाऱ्याला बीडीओ म्हणतात. जिल्हाधिकारी हा शब्द वर्तमानपत्रात आणि फलकावर, तर 'कलेक्टर' हा शब्द तोंडी. ग्रामसेवक आणि तलाठी यांची पदनामे शासनाने अलीकडेच पुन्हा बदलली आहेत. लोकांच्या तोंडी ती बदलायला एक पिढी तरी जाईल, असे मागच्या अनुभवावरून म्हणता येते.

सर्वोच्च पदांसाठीचा शिष्टाचार मात्र कागदावर झपाट्याने सोपा होत गेला आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या कार्यालयाने देशांतर्गत व्यवहारात 'महामहिम' या अर्थाचे संबोधन वापरू नये, 'माननीय' पुरेसे आहे, असे कळवले, आणि राज्यपालांच्या बाबतीतही तोच पायंडा पडला. न्यायालयांसाठी बार कौन्सिल ऑफ इंडियाने २००६ मध्ये नियम करून 'माय लॉर्ड' टाळावे, उच्च न्यायालयात 'सन्माननीय न्यायालय' या अर्थाचे आणि खालच्या न्यायालयांत 'सर' किंवा त्या त्या भाषेतील समान शब्दाने संबोधन करावे, असे सुचवले. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना मराठीत न्यायमूर्ती आणि जिल्हा व तालुका पातळीवर न्यायाधीश म्हणावे, हा भेद पाळला जातो. पण तालुक्याच्या न्यायालयात दाखल होणाऱ्या मराठी अर्जांच्या डोक्यावर 'मे. दिवाणी न्यायाधीश साहेब यांचे न्यायालयात' असे जे लिहिलेले असते, त्यातील 'मे.' म्हणजे 'मेहेरबान' हा शब्द पेशवाईच्या दफ्तरातून तसाच चालत आलेला आहे. चामोर्शी किंवा राजुऱ्याच्या अर्जनवीसाला तो बदलावासा वाटत नाही, कारण त्याच्या मते अर्ज स्वीकारला जाण्याची खात्री त्या एका अक्षरात आहे.

या प्रदेशाचे खरे वैशिष्ट्य वन विभागाच्या उतरंडीत दिसते. गडचिरोली जिल्ह्याचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग वनाच्छादित आहे. गडचिरोली, वडसा, आलापल्ली, भामरागड आणि सिरोंचा असे वनविभाग तेथे आहेत, आणि चंद्रपूरकडे ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचा स्वतंत्र कारभार आहे. मुख्य वनसंरक्षक, उपवनसंरक्षक, सहायक वनसंरक्षक, वनपरिक्षेत्र अधिकारी, वनपाल आणि वनरक्षक अशी ही शिडी. लोकांच्या तोंडी हिचे रूप डीएफओ साहेब, एसीएफ साहेब, रेंजर साहेब, राउंड ऑफिसर आणि गार्ड असे होते. शहरातल्या माणसाला नवल वाटेल, पण आडगावात 'साहेब' हा शब्द सर्वांत अधिक वेळा या शिडीच्या सर्वांत खालच्या पायरीवरच्या माणसासाठी उच्चारला जातो. याचे कारण भीतीत किंवा भोळेपणात शोधण्याऐवजी कायद्यात शोधावे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात 'वन अधिकारी' या संज्ञेत वनरक्षकही येतो, आणि वनगुन्ह्याचा वाजवी संशय असल्यास वॉरंटाशिवाय अटक करण्याचा अधिकार वन अधिकाऱ्याला आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी बसलेला उपवनसंरक्षक वर्षातून एकदा दिसतो. कुऱ्हाड जप्त करणारा हात वनरक्षकाचा असतो. ज्याच्या हाती जप्ती आणि अटक आहे त्याला साहेब म्हणणाऱ्या माणसाला सत्तेचे गणित उत्तम कळलेले असते. आणि हेही लक्षात घेतले पाहिजे, की तो वनरक्षक पुष्कळदा त्याच भागातला, त्याच समाजातला, एकट्याने वाघाच्या रानात गस्त घालणारा माणूस असतो. कचेरीत वरिष्ठांकडून त्याला केवळ आडनावाने, आणि तेही एकेरीत, हाक मारली जाते. उतरंडीचा मान वर जाताना वाढतो आणि खाली येताना नाहीसा होतो, हे या खात्यात जितके उघड दिसते तितके क्वचितच इतरत्र दिसत असेल.

भाषांच्या सीमेवर हा शिष्टाचार आणखी नाजूक होतो. प्रमाण मराठीत 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' अशा तीन पायऱ्या आहेत, क्रियापदही आदरार्थी बहुवचनात जाते, आणि लहानपणापासून कानावर पडल्याशिवाय हा हिशेब अंगवळणी पडत नाही. ज्या माणसाने मराठी शाळेत किंवा आठवडी बाजारात, दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून उचलली, तो तहसीलदारालाही 'तू कधी आला?' असे सहज विचारतो. त्यात उद्धटपणाचा लवलेश नसतो; घरी आलेल्या वडीलधाऱ्या पाहुण्यालाही तो त्याच मराठीत हेच विचारील. पण घाटावरून किंवा पुण्या-मुंबईकडून नव्याने आलेल्या अधिकाऱ्याच्या कानाला तो अपमान वाटतो, त्याचा चेहरा बदलतो, आणि समोरच्याला आपले काय चुकले हे कळण्याआधी कामाचा कागद बाजूला पडतो. या एका गैरसमजाने किती अर्ज अडले असतील याची मोजदाद कोठेही होणार नाही. म्हणून या जिल्ह्यांत रुजू होणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याला पहिल्या आठवड्यात ही एक गोष्ट समजावून सांगितली जावी, असे येथे आग्रहाने मांडावेसे वाटते. तिला खर्च नाही आणि तिच्यासाठी शासन निर्णयाचीही वाट पाहावी लागत नाही.

झाडीबोलीची रीत निराळी आहे. वैनगंगेच्या खोऱ्यात ब्रह्मपुरी, नागभीड, आरमोरी, वडसा या पट्ट्यात आदर क्रियापदाइतकाच वाक्याच्या शेवटी येणाऱ्या 'जी' या अव्ययाने व्यक्त होतो. 'हव जी', 'नाही जी', 'का जी' असे तेथला माणूस बोलतो, आणि हे 'जी' कलेक्टरालाही लागते, शेजाऱ्यालाही आणि घरच्या माणसालाही. यात पद मोजलेले नसते, माणूस मोजलेला असतो. दक्षिणेला सिरोंचा तालुका १८६० मध्ये निजामाकडून इंग्रजांकडे आला. प्राणहिता आणि गोदावरीच्या काठचा हा प्रदेश तेलुगू बोलतो, आणि तेथे नावापुढे 'गारु' लावण्याची सभ्य पद्धत आहे. जुन्या पिढीच्या तोंडी जमीनदारासाठी व अधिकाऱ्यासाठी 'दोरा' हा शब्दही असे, ज्यात मालक आणि धनी हे दोन्ही अर्थ सामावतात. मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांत पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची गावे आहेत. त्यांच्या भाषेत 'बाबू' हा नावापुढे लागणारा आदराचा शब्द, तर मराठी कचेरीत 'बाबू' म्हणजे फाइल पुढे सरकवणारा कारकून, आणि त्या शब्दात आदराची मात्रा अगदी थोडी. एकाच तहसीलच्या व्हरांड्यात एकाच सकाळी हे सगळे शिष्टाचार एकमेकांच्या शेजारी उभे असतात, आणि त्या सर्वांना पुरून उरणारा एकच सामाईक शब्द म्हणजे 'साहेब'. अनेक भाषांच्या मुलखात दुवा म्हणून त्याने केलेले काम नाकारता येत नाही, मग त्याच्या पोटी कितीही जुनी ताबेदारी दडलेली असो.

अधिकाऱ्याला पदनामाने आणि लोकनेत्याला नात्याने हाक मारावी, हा येथल्या समाजाने न लिहिता केलेला नियम आहे. अधिकाऱ्याची बदली होते. २००५ च्या महाराष्ट्रातील बदल्यांच्या कायद्याने एका पदावरचा सर्वसाधारण कालावधी ३ वर्षांचा धरला आहे, आणि ३ वर्षांत माणसाचे नाव रुजत नाही, म्हणून तो 'कलेक्टर साहेब' म्हणून येतो आणि 'कलेक्टर साहेब' म्हणूनच जातो. नेता मात्र येथलाच असतो, म्हणून तो भाऊ, दादा, बाबा होतो. चंद्रपूरचे मारोतराव कन्नमवार २० नोव्हेंबर १९६२ ते २४ नोव्हेंबर १९६३ या काळात राज्याचे मुख्यमंत्री होते. त्यांना लोकांनी 'दादासाहेब' म्हटले, ज्यात घरचे नाते आणि दरबारी मान एकत्र जोडले गेले, आणि 'कर्मवीर' ही पदवीही शासनाने नव्हे, लोकांनी दिली. सांगलीकडचे आर. आर. पाटील गृहमंत्री असताना गडचिरोलीचे पालकमंत्री झाले तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांचे 'आबा' हे नावही या जिल्ह्यात आले. वरोऱ्याच्या आनंदवनाचे मुरलीधर देविदास आमटे तर कोणत्याही शासकीय पदावर नव्हते, तरी 'बाबा' या एका हाकेत त्यांना जो मान मिळाला, त्याच्याशी तुलना व्हावी असे पदनाम जिल्ह्यात दुसरे नव्हते.

नात्याची हाक जेव्हा बंदुकीच्या बाजूने मागितली जाते, तेव्हा तिचे स्वरूप पालटते. १९८० नंतर या जंगलांत नक्षलवादी दलमे आली आणि गावकरी त्यांना 'दादा', 'दादा लोग' किंवा 'अन्ना' म्हणू लागले. यात काहींची आपुलकी असेल, पण रात्री दारात उभ्या राहिलेल्या सशस्त्र माणसाला दुसरे काय म्हणावे, हा प्रश्नही त्यात होताच. दुसऱ्या बाजूने गडचिरोली पोलिसांनीही आपल्या मदतकेंद्रांना 'दादालोरा खिडकी' असे गोंडी वळणाचे नाव दिले, म्हणजे थोरल्या भावाची खिडकी. तेथे दाखले आणि योजनांचे अर्ज भरून दिले जातात आणि अनेकांना त्यांचा उपयोग झालेला आहे. तरीही दोन्ही गणवेशांनी एकाच नात्यावर दावा सांगावा, आणि मधल्या माणसाने दोघांनाही दादा म्हणावे, या परिस्थितीतला ताण अभ्यासकाने सौम्य करून मांडू नये. त्या ताणाची सर्वांत जड किंमत पोलीस पाटलांनी मोजली. १९६७ च्या ग्रामपोलीस अधिनियमाखाली नेमलेला हा गावातलाच माणूस. पदनामाच्या पहिल्या शब्दामुळे तो एका बाजूचा ठरवला गेला, आणि गडचिरोलीत अनेक पोलीस पाटलांना त्यापायी जीव गमवावा लागला. संबोधन हा शिष्टाचाराचा विषय आहे असे मानणाऱ्यांनी या नोंदीपाशी थांबून विचार करावा.

शिष्टाचाराची उपलब्ध पुस्तके आणि परिपत्रके एकाच दिशेने बोलतात, ती म्हणजे खालून वर. लोकप्रतिनिधींना द्यावयाच्या वागणुकीबाबत राज्य शासनाने नोव्हेंबर २०२५ मध्ये एकत्रित सूचना काढल्या. आमदार किंवा खासदार भेटीस आल्यास अधिकाऱ्याने उठून उभे राहावे, त्यांचे म्हणणे लक्षपूर्वक ऐकावे, त्यांच्या पत्रांना २ महिन्यांत उत्तर द्यावे, अशी त्यांची दिशा आहे. लोकांनी निवडलेल्या प्रतिनिधीचा मान राखावा, यात वावगे काहीच नाही. परंतु ज्याने तो प्रतिनिधी निवडला त्या मतदारासाठी उठून उभे राहण्याची, किमान त्याला खुर्ची देण्याची, सूचना याच तपशिलाने कोठे सापडत नाही. अधिकारी लोकांशी कसे बोलतो, 'ए, इकडे ये' म्हणतो की 'या, बसा' म्हणतो, सत्तर वर्षांच्या माणसाला नावाने पुकारतो की आजोबा म्हणतो, हा या विषयाचा दुर्लक्षित अर्धा भाग आहे आणि या विवेचनाचा भर तेथेच आहे. कायद्याने येथे एक सीमारेषा आखली आहे: अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक अधिनियमाखाली सार्वजनिक ठिकाणी जातिवाचक शब्दांनी केलेला अपमान हा गुन्हा आहे. त्या रेषेच्या अलीकडचे एकेरी बोलणे, उभे ठेवणे आणि नाव न विचारता 'तो गोंड' म्हणून केलेला उल्लेख मात्र बहुधा कोणत्याच कागदावर चढत नाही.

अर्जदाराच्या बाजूने कायदा किती उदार आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. घटनेच्या ३५० व्या अनुच्छेदानुसार गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी कोणतेही निवेदन संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येते. म्हणजे सिरोंच्याच्या शेतकऱ्याने तेलुगूत आणि भामरागडच्या माणसाने गोंडीत दिलेले निवेदनही निवेदनच असते. २००५ च्या माहिती अधिकार अधिनियमात ज्याला लिहिता येत नाही त्याची तोंडी विनंती लेखी करून देण्याचे काम जन माहिती अधिकाऱ्यावर टाकले आहे. मायना चुकला, 'महोदय' राहिले किंवा 'आपला आज्ञाधारक' लिहिले नाही, म्हणून अर्ज फेटाळता येईल असा नियम या कायद्यांत नाही. पदनाम, कार्यालय, गाव, विषय, मागणी, दिनांक आणि सही किंवा अंगठा एवढ्यावर अर्ज पुरा होतो. 'मायबाप सरकार' ही अक्षरे त्यात असणे अर्जदाराच्या मर्जीवर आहे, आणि 'आज्ञाधारक' हा शब्द तर आता नागरिकाने लिहूच नये. तो नोकराने धन्याला लिहावयाचा शब्द होता.

स्त्रिया पदांवर आल्यानंतर संबोधनाचा प्रश्न नव्याने उभा राहिला. पंचायतींत स्त्रियांसाठी निम्म्या जागा राखीव झाल्यापासून गावोगावी स्त्रिया सरपंच आहेत. त्यांना कोणी सरपंचबाई, कोणी सरपंचताई, कोणी मॅडम म्हणते. तहसीलदार आणि पोलीस अधीक्षक या पदांवरील स्त्रियांना 'मॅडम' सहज म्हटले जाते, कारण त्यांच्यामागे गणवेश किंवा दालन असते. सरपंच स्त्रीच्या बाबतीत मात्र 'सरपंच' ही हाक पुष्कळदा तिच्या नवऱ्याला मारली जाते आणि सभेत खुर्चीही त्यालाच दिली जाते. येथे अधिकाऱ्याचा शिष्टाचार निर्णायक ठरतो. गटविकास अधिकाऱ्याने निवडून आलेल्या स्त्रीकडे पाहून, तिला सरपंच म्हणून, प्रश्न विचारला तर गावाची सवयही बदलते. आशाताई, अंगणवाडीताई आणि सिस्टर या हाकांनी दुर्गम भागात शासनाला जो विश्वास मिळवून दिला आहे, तोही या संदर्भात विसरता येणार नाही.

शेवटचा मुद्दा ग्रामसभेचा. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने वननिवासींच्या गावांना जे अधिकार मिळाले, त्यांनी या जिल्ह्यांतील पत्रव्यवहाराची दिशाच बदलली. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये १,८०९ हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. वाहतूक परवाना म्हणजे वनोपज जंगलाबाहेर नेण्याची लेखी परवानगी. ती तोवर वन अधिकाऱ्याच्या सहीने मिळत असे. २०१२ मध्ये वनहक्क नियमांत दुरुस्ती झाल्यावर ग्रामसभेने नेमलेल्या समितीची किंवा अधिकृत केलेल्या व्यक्तीची सही या परवान्यासाठी पुरेशी ठरली. ही सही करणाऱ्याला कोणी साहेब म्हणत नाही, त्याचे दालन नसते, आणि दुसऱ्या दिवशी तोच माणूस बांबू तोडायला जातो. वन कार्यालयाने अशा ग्रामसभेला पत्र लिहावयाचे ठरवले, की पहिली अडचण 'प्रति' या शब्दापाशी येते. मेंढ्यात निर्णय सर्वसहमतीने होतात, तेथे एका व्यक्तीला उद्देशून 'महोदय' लिहिले तर पत्र चुकीच्या पत्त्यावर जाते. अध्यक्ष किंवा सचिव लिहिले तर जो अधिकार सगळ्या गावाचा आहे तो एका नावावर चढतो. जुन्या मराठी कागदांत मात्र मोकदमाच्या, म्हणजे गावच्या पाटलाच्या, जोडीला 'समस्त पांढरी' असा सबंध गावाला उद्देशून उल्लेख आढळतो, पांढरी म्हणजे गावाची वस्ती आणि तेथे राहणारे सर्व लोक. वन व महसूल खात्यांनी ग्रामसभांना पाठवावयाच्या पत्रांचा नमुना ठरवताना त्या मायन्याचा विचार करावा, आणि 'प्रति, समस्त ग्रामसभा' असे लिहून त्याखाली गावाचे नाव घालावे.